दहा दिवसांत दोन निकाल

21 जुलै 2025, सोमवार. सकाळचे डबे भरून झाले, फोन हातात घेतला तर आमच्या फॅमिली ग्रुपवर सत्तर-ऐंशी मेसेज पडलेले. मुंबई हायकोर्टाने 7/11 च्या लोकल बॉम्बस्फोट केसमधल्या सगळ्या 12 आरोपींना निर्दोष ठरवलं होतं. ग्रुपवर नुसता संताप. आणि तो संताप मला कळतो, कारण माझी आत्या बोरिवलीची, तिचे मिस्टर 2006 साली रोज संध्याकाळी चर्चगेटवरून विरार लोकलच्या फर्स्ट क्लासने घरी यायचे आणि 11 जुलैला ऑफिसात काम निघालं म्हणून त्यांची गाडी चुकली, एवढ्यावरच ते वाचले. 11 मिनिटांत 7 स्फोट, 180 च्या वर माणसं मेली, 800 च्या वर जखमी, आणि 19 वर्षांनी कोर्ट म्हणतंय की यांनी केलंय हे सिद्धच झालं नाही. आत्या दिवसभर फोनवर रडत होती.

31 जुलै, गुरुवार. मालेगाव 2008 च्या स्फोटाचा निकाल. एनआयएच्या (केंद्राची तपास यंत्रणा) विशेष कोर्टाने सगळ्या 7 आरोपींना निर्दोष सोडलं. तोच ग्रुप, तीच माणसं, आणि आता पेढ्यांचे फोटो, फटाके, सत्याचा विजय. ज्या काकांनी 21 तारखेला लिहिलं होतं की या देशात न्याय मेला, त्यांनीच 31 ला लिहिलं की न्यायदेवतेवरचा विश्वास वाढला.

मी दोन्ही दिवस काही लिहिलं नाही. तेव्हापासून हे मनात घोळतंय, म्हणून आता इथे लिहितेय, लांबलं तर लांबलं.

मी मालेगावची. म्हणजे माहेर मालेगाव कॅम्प, सासर नाशिक. ज्यांनी मालेगाव फक्त बातम्यांत बघितलंय त्यांना सांगते, मोसम नदीच्या एका अंगाला जुनं गाव, लूमची खडखड दिवसरात्र, बहुतेक वस्ती मोमीन विणकरांची, आणि दुसऱ्या अंगाला आमचं कॅम्प. माझ्या मामांचं सुताचं दुकान आहे, त्यांची निम्म्याहून जास्त गिऱ्हाईकं पलीकडची. लहानपणी पुलाच्या पलीकडे जायचं म्हणजे मामांच्या स्कूटरवर उधारी वसूल करायला जायचं, आणि दर दुकानात काचेच्या ग्लासात चहा. भांडणं, दंगे, कर्फ्यू हे सगळंही बघितलंय, त्यामुळे आमच्या गावात सगळं गोडीगुलाबीत होतं असं मी म्हणणार नाही. पण जे झालं ते माझ्या गावात झालं, ते मला परकं नाही एवढंच.

8 सप्टेंबर 2006 ला मी माहेरी होते, पहिलं बाळंतपण, लेक महिन्याची. गणपती विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. शुक्रवार, त्यात शब-ए-बारात, म्हणजे त्या दिवशी लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी दुवा मागायला कब्रस्तानात जातात, बायका-पोरं-भिकारी सगळ्यांची गर्दी. दुपारची नमाज सुटली आणि बडा कब्रस्तानजवळ सायकलींना लावलेले बॉम्ब फुटले. 30 च्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं किती होती. आई सांगते, त्या दिवशी कॅम्पातल्या पोरांनी सुद्धा रक्त द्यायला रांग लावली होती. मला त्या दिवसाचं आठवतं ते अॅम्ब्युलन्सचे आवाज आणि मामांचा तीन तास न लागणारा फोन.

दोन-तीन महिन्यांत एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, केस सोडवली. 9 जण पकडले, सगळे मुसलमान, बरेचसे मालेगावचेच, सिमी या बंदी आलेल्या विद्यार्थी संघटनेशी जुने संबंध असलेले म्हणून. कबुलीजबाब झाले, एक जण माफीचा साक्षीदार झाला, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा) लागला, डिसेंबरात चार्जशीट. तेव्हा आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. मी पण ठेवला. आपल्याच माणसांना, आपल्याच कब्रस्तानाबाहेर, आपल्याच सणाला का मारतील हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता, नाही असं नाही, पण मी तो बाजूला सारला, पोलीस म्हणतायत म्हणजे असेल काहीतरी, असं म्हणून. या गोष्टीची मला आज लाज वाटते आणि ती लिहूनच टाकायची होती.

कारण नंतर काय निघालं बघा. त्या 9 जणांतला एक स्फोटाच्या वेळी आधीपासूनच पोलिसांच्या ताब्यात होता. दुसरा त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नमाज पढवत होता, बघणारं सगळं गाव साक्षीला. मग सीबीआय आली, मग स्वामी असीमानंदांचा कबुलीजबाब बाहेर आला (तो त्यांनी पुढे मागे घेतला, हेही सांगायला हवं), 2011 साली केस एनआयएकडे गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात या लोकांना जामीन मिळाला, आणि 25 एप्रिल 2016 ला मुंबईच्या विशेष कोर्टाने त्यांना डिस्चार्ज केलं. डिस्चार्ज म्हणजे खटला चालवण्याइतकासुद्धा पुरावा नाही. यातला एक जण त्याआधीच अपघातात गेला होता, त्याला हा निकाल ऐकायलाच मिळाला नाही. पाच-पाच वर्षं आत काढली या माणसांनी. पोरं शाळेत अतिरेक्याची पोरं म्हणून हिणवली गेली, लूम विकले गेले, हे मामा सांगायचे, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या ओळखीतलीच घरं होती ती.

एनआयएने मग दुसऱ्या चौघांना पकडलं, यावेळी हिंदू, 2012-13 च्या सुमारास. तेही खटला उभा न राहता वर्षानुवर्षं आत. 2019 ला हायकोर्टाने त्यांना जामीन दिला. त्यांनी केलं की नाही मला माहीत नाही, सिद्ध झालेलं नाही तोवर मी म्हणणारही नाही. पण बिनखटल्याचं सहा वर्षं आत ठेवणं जर मालेगावच्या विणकराच्या बाबतीत अन्याय आहे तर इंदूरकडच्या पोराच्या बाबतीतही आहेच ना. केस माझ्या लेकीच्या वयाची झाली. शिक्षा कुणालाच नाही.

लेक आता लॉच्या पहिल्या वर्षाला आहे आणि या उन्हाळ्यानंतर आमच्या घरात एक नवीनच उद्योग सुरू झालाय, रात्री जेवणं झाली की ती लॅपटॉपवर निकालाच्या पीडीएफ उघडते आणि मला वाचून दाखवते. मालेगाव 2008 चा निकाल तर हजार पानांच्या वर आहे, सगळा नाही वाचला, पण जेवढा वाचला त्यात एक गोष्ट आम्हाला दोघींना इतकी स्पष्ट दिसली की मला कळत नाही ती टीव्हीवर कुणी का बोललं नाही. दोन्ही निकाल एकच गोष्ट सांगतायत.

7/11 मध्ये हायकोर्ट काय म्हणालं? कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले दिसतात, वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीतले भागच्या भाग शब्दाला शब्द सारखे. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घ्यायचा अधिकार राहिला नव्हता. टॅक्सीवाल्यासारखे साक्षीदार शंभर दिवसांनी पोलिसांकडे आले आणि इतक्या दिवसांनी त्यांना चेहरे आठवले. जप्त केलेला माल नीट सील केला नाही. बॉम्ब कुठल्या प्रकारचे होते हेही सरकारी पक्षाला कोर्टापुढे आणता आलं नाही.

आणि मालेगाव 2008 मध्ये? स्फोट झाला हे सिद्ध, पण बॉम्ब त्याच मोटरसायकलमध्ये होता हे सिद्ध नाही. गाडीचा चासी नंबर पूर्ण मिळाला नाही, त्यामुळे ती कुणाची हेही पक्कं नाही. आरडीएक्स आरोपीच्या घरी होतं याला पुरावा नाही. पंचनामा धड नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवायची मंजुरीच सदोष. तीनशेच्या वर साक्षीदार तपासले, त्यातले तीसपेक्षा जास्त फितूर. एटीएसची गोष्ट वेगळी आणि एनआयएची वेगळी. आणि शेवटी नुसत्या संशयावर, तो कितीही दाट असला तरी, शिक्षा देता येत नाही.

म्हणजे कोर्टाने दोन्हीकडे एकच माप लावलं. पुरावा आणा, नाहीतर सोडा. माप बदललं ते आपण, आणि आपल्या सरकारने. 7/11 च्या निकालावर मुख्यमंत्री म्हणाले निकाल धक्कादायक आहे, लगेच सुप्रीम कोर्टात अपील झालं, आणि 24 जुलैला म्हणजे तिसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही (सुटलेल्यांना परत जेलात घालायचं मात्र नाही). अपील केलं ते बरोबरच केलं, 180 माणसं मेली आहेत, सरकारने शेवटपर्यंत जायलाच हवं. पण मग 31 तारखेला त्याच मुख्यमंत्र्यांचं ट्वीट, दहशतवाद कधी भगवा नव्हता, नाही आणि नसेल अशा अर्थाचं. मालेगावात मेलेली 6 माणसं, त्यात एक लहान मुलगी, त्यांच्याबद्दल सरकारची काय घाई? हायकोर्टात अपील घेऊन गेले ते मेलेल्यांचे नातेवाईक, स्वतः, सप्टेंबरात. ते मला फार लागलं. बॉम्बस्फोटासारख्या गुन्ह्यात फिर्याद सरकारची असते, ती म्हाताऱ्या बापाने पदरमोड करून चालवायची नसते.

आता कोणी म्हणेल, ताई तुम्हाला एकाच बाजूचा पुळका. म्हणून 2008 बद्दल दुसरंही सांगते. त्या केसमधले एक आरोपी कर्नल पुरोहित जवळपास 9 वर्षं जेलात होते, 2017 ला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता, चार्ज फ्रेम झाले ते ऑक्टोबर 2018 ला. दुसऱ्या आरोपी साध्वी प्रज्ञा आणि पुरोहित दोघांनीही एटीएसने छळ केल्याचे आरोप केले. आपल्याकडे गंमत अशी झालीय (गंमत शब्द चुकीचा आहे, वाईट गोष्ट आहे) की ज्यांना पुरोहितांच्या छळाची गोष्ट खरी वाटते त्यांना 7/11 वाल्यांची खोटी वाटते आणि ज्यांना 7/11 वाल्यांची खरी वाटते ते पुरोहितांच्या वेळी गप्प. मालेगावातल्या माझ्या ओळखीच्या एका वकील भाईंशी मी यावर फोनवर भांडले सुद्धा. ते म्हणाले, 7/11 वाले बेगुनाह होते, कबुली मारून घेतलेली. मी म्हटलं बरोबर. मग म्हणाले 2008 वाल्यांना तर शिक्षा व्हायलाच पाहिजे होती, एटीएसकडे कबुल्या होत्या. मी म्हटलं भाईजान, दोन्ही एटीएसच्याच कबुल्या आहेत हो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हां, ये बात तो है.

आमच्या कॉलनीत एक रिटायर्ड हवालदार काका राहतात. संध्याकाळी बाकावर बसतात, मी दूध आणायला जाते तेव्हा बोलणं होतं. त्यांना मी सरळ विचारलं, काका हे असं होतं कसं, सगळेच पोलीस काही वाईट नसतात. ते म्हणाले, ताई, वाईटपणाने नाही होत, घाईने होतं. स्फोट झाला की चोवीस तासांत वरून विचारणा, काय धागादोरा? मग हाताशी जी यादी असते ती काढायची. यादीतली पोरं उचलायची. आणि मोक्का लागला की डीसीपी साहेबांपुढची कबुली कोर्टात चालते, एरवी पोलिसांपुढची कबुली पुरावा धरत नाहीत. एकदा कबुली हातात आली की तपास थांबतो. पुढचे सगळे कागद त्या कबुलीला जुळवायचे. तपास कधी चुकत नाही ताई, तो थांबतो.

हे वाक्य मी त्या रात्री लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, मग सगळा प्रश्न यादीचा आहे. आणि खरंच बघा. सिमीवर 2001 ला बंदी आली, त्यामुळे 2006 ला यादी तयार होती. पण त्याच 2006 मध्ये, मालेगावच्या फक्त पाच महिने आधी, एप्रिलमध्ये नांदेडला पाटबंधारे नगरमधल्या एका घरात स्फोट होऊन दोन जण मेले होते, संघपरिवाराशी जोडलेल्या माणसाचं घर. आधी सांगितलं गेलं फटाक्यांचा साठा होता, नंतर एटीएसनेच चार्जशीटमध्ये म्हटलं बॉम्ब बनवताना स्फोट झाला. त्यातल्या कुणावर काही सिद्ध झालं नाही, जानेवारी 2025 ला नांदेडच्या कोर्टाने उरलेल्या सगळ्यांना सोडलं, बॉम्बस्फोट होता हेच सिद्ध झालं नाही म्हणून, ते मी मानते. माझा मुद्दा 2006 चा आहे. मालेगावात बॉम्ब फुटले तेव्हा पोलिसांपुढे दोन्ही शक्यता टेबलावर होत्या. धागा एकच ओढला गेला. दुसरा ओढून बघून सोडला असता तरी चाललं असतं, पण बघायला हवा होता.

आणि याची किंमत कुणी दिली? नऊ निर्दोष घरांनी तर दिलीच. पण आत्याच्या लोकलमधल्या लोकांनी पण दिली. 7/11 च्या बाबतीत 2008 साली मुंबई पोलिसांच्याच क्राइम ब्रँचने पकडलेल्या दुसऱ्याच टोळीकडे बोट दाखवलं होतं, एटीएसच्या गोष्टीशी ते जुळत नव्हतं, पण चार्जशीट लागून गेलेली, मग आता मागे कोण फिरणार. ज्यांनी खरंच ते कुकर, त्या पिशव्या, जे काय असेल ते डब्यात ठेवलं ते लोक कुठे असतील आज? चुकीचा माणूस आत घालणं म्हणजे बरोबर माणसाला बाहेर ठेवणं. माझ्या काकांना हे सांगितलं तर ते चिडतात, त्यांना वाटतं मी अतिरेक्यांची बाजू घेतेय. मी आत्याच्या मिस्टरांची बाजू घेतेय.

एटीएसचे तेव्हाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये त्यांनी मालेगावच्या दुसऱ्या स्फोटात हिंदू आरोपी पकडले आणि त्यांना केवढ्या शिव्या पडल्या, देशद्रोही, हिंदुद्रोही. महिना-सव्वा महिना हे चाललं आणि 26 नोव्हेंबरला ते पाकिस्तानातून आलेल्या अतिरेक्यांच्या गोळ्यांनी गेले. 2019 ला त्याच केसमधल्या आरोपी साध्वी प्रज्ञा, तेव्हा भोपाळच्या लोकसभेच्या उमेदवार, म्हणाल्या की करकरे माझ्या शापाने मेले, मग टीका झाल्यावर शब्द मागे घेतले आणि निवडूनही आल्या. करकरेंचा तपास परफेक्ट होता असं म्हणता येत नाही, कोर्टाने त्यात भोकं दाखवली आहेतच. पण आपल्याच लोकांकडे संशयाने बघायची हिंमत लागते आणि ती त्या माणसाकडे होती. आणि मग 2015 साली सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जाहीरपणे सांगितलं की सरकार बदलल्यावर एनआयएच्या अधिकाऱ्याकडून मला या केसमध्ये जरा नरम घ्या असा निरोप आला. एनआयएने नाकारलं. पण पुढच्याच वर्षी एनआयएने काही आरोपींविरुद्ध पुरावा नाही म्हणून सांगितलं, आणि मॅजिस्ट्रेटपुढे दिलेल्या काही जबाबांचे मूळ कागदच सापडेनात. निकाल जो आला तो या सगळ्यानंतर आलाय. आरोपी कायद्याने निर्दोष आहेत, पण जबाब हरवले कसे याचं उत्तर भिक्कू चौकातल्या (2008 चा स्फोट तिथेच झाला) लोकांना कुणीतरी द्यायला हवं की नको?

हे फक्त एटीएस-एनआयएचं आहे असं समजू नका. मागे जा, 1992-93. 12 मार्चच्या साखळी स्फोटांत 257 लोक मेले, टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) कोर्टाने 100 जणांना दोषी ठरवलं, आणि ते व्हायलाच हवं होतं, मुंबई पोलिसांनी त्या तपासात जीव ओतला होता. पण त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत 900 लोक मेले, श्रीकृष्ण आयोगाने 1998 ला रिपोर्ट दिला, त्यात पोलिसांची नावं, नेत्यांची नावं. शिक्षा किती? माजी खासदार मधुकर सरपोतदारांना 2008 ला चिथावणीखोर भाषणासाठी एक वर्ष, लगेच जामीन. 2022 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने जुन्या दंगलीच्या केसेसची चौकशी केली तर 97 फाइली डॉरमंट, म्हणजे झोपलेल्या, निघाल्या. तीस वर्षांनी. त्या 900 मध्ये 275 हिंदू सुद्धा होते, हे ग्रुपवर कुणाला माहीतच नसतं. राधाबाई चाळीत जळालेल्यांच्या केसमध्ये टाडा कोर्टाने शिक्षा दिली पण सुप्रीम कोर्टात ते सगळे सुटले. म्हणजे झोपलेल्या फाइलींनी धर्म बघून कुणाला न्याय दिला असंही नाही, त्या सगळ्यांसाठीच झोपल्या.

आणि अगदी आत्ताचं, मार्च 2025, नागपूर. औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन, प्रतिमा जाळली, कुराणातल्या आयती लिहिलेली चादर जाळली अशी बातमी पसरली, रात्री दगडफेक, गाड्या जाळल्या, पोलीस जखमी. विहिंप-बजरंग दलाचे आठ जण हजर झाले, त्यांना लगेच जामीन मिळाला. दगडफेकीतले आरोपी तेव्हा आतच राहिले. इथे मी फरक समजू शकते, गुन्हे वेगळे, कलमं वेगळी, ज्याने पोलिसाचं डोकं फोडलं त्याला लगेच जामीन नकोच. पण मुख्य आरोपी म्हणून ज्याचं नाव होतं त्याच्या घरावर आठवड्यात बुलडोझर गेला, हायकोर्टाची स्थगिती येईपर्यंत घर पडलं होतं, आणि नंतर मनपा आयुक्तांनी कोर्टात माफी मागितली. नोव्हेंबर 2024 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, आरोपी आहे म्हणून घर पाडायचं नाही, आधी नोटीस, पंधरा दिवस मुदत. त्या घरात त्याची आई राहायची. याला कुठलं कलम? आणि उद्या माझ्या भाच्याने दंगलीत दगड मारला तर माझ्या बहिणीचं घर पाडणार का? पाडू नये. त्याला पकडा, खटला चालवा, सिद्ध झालं तर जेलात टाका, मी स्वतः त्याला सोडवायला येणार नाही.

आमच्याकडे हल्ली समानता म्हणजे बॅलन्स असं समजतात. एक तिकडचा पकडला की एक इकडचा पकडा, म्हणजे बरोबरी झाली. मला हे पण भयंकर वाटतं. आकडे जुळवायला माणसं पकडायची तर ती पुन्हा यादीच झाली ना, फक्त दोन रकान्यांची. मला एवढंच पाहिजे की कोणाच्या दारात बॉम्ब फुटला आणि कोणावर संशय आहे हे न बघता पहिल्या दिवशी तेच सगळे प्रश्न विचारले जावेत. चौकशीचं रेकॉर्डिंग व्हावं, कॅमेऱ्यासमोर. मोक्का-यूएपीए सारख्या कायद्यात जामीन जवळजवळ मिळत नाही, मग निदान खटला तरी दोन-तीन वर्षांत चालावा. चुकीने आत राहिलेल्याला भरपाई मिळावी, लॉ कमिशनने 2018 ला 277 व्या रिपोर्टमध्ये सांगितलंय की असा कायदा करा, लेकीने दाखवला मला तो रिपोर्ट. 7/11 मध्ये एक शाळामास्तर खालच्या कोर्टातूनच सुटला होता, 2015 ला, तोपर्यंत 9 वर्षं गेली होती त्याची. नऊ वर्षांत माझी लेक पाळण्यातून चौथीत गेली होती. त्याला कुणी साधं सॉरी म्हटलं असेल का?

आणि सरकार निकालावर बोलणार असेल तर दोन्ही निकालांवर एकाच तोंडाने बोलावं.

गणपतीत मालेगावला गेले होते. मामा आता थकलेत, दुकान मामेभाऊ बघतो. एक चाचा आले होते सुताचा हिशोब करायला, सत्तरीचे असतील, मला लहानपणापासून ओळखतात. मी विचारलं, चाचा, फैसला ऐकला का. ते म्हणाले, कौनसा? 2006 वाला के 2008 वाला? मी म्हटलं 2008 चा. ते म्हणाले, बेटा, 2006 में मेरे मोहल्ले के लडके पकडे, दस साल बाद बोले इन्होंने नही किया. 2008 में दुसरे पकडे, सतरा साल बाद बोले इन्होंने भी नही किया. मग त्यांनी हिशोबाची वही मामेभावाकडे सरकवली आणि मला म्हणाले, तुझी मुलगी वकील होतेय ना, तिला विचार, ये पूछने का कागज कहाँ मिलता है, के किसने किया.

लेक शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. परत येताना चांदवडच्या घाटात मला म्हणाली, माहितीचा अधिकार टाकून बघू का, 2008 च्या केसमधल्या त्या हरवलेल्या जबाबांचं पुढे काय झालं ते तरी. मी म्हटलं टाक. अर्ज मी लिहायला घेतलाय, शब्द जुळत नाहीयेत, कोणाला असा अर्ज करायचा अनुभव असेल तर कृपया सांगा.